कायद्याचें शिक्षण : प्रवेशपरीक्षा आणि विद्यालयाची निवड

दहावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच चर्चा सुरू होते : मुलानें अगर मुलीनें पुढें काय करावें ? वैद्यक आणि यंत्रविद्या या दोन राजमार्गांची माहिती आपल्या समाजांत लहानथोर सर्वांस असते. त्यांच्या प्रवेशपरीक्षा केव्हां होतात, अभ्यास कोठून आरंभावा, हें शेजारीपाजारीही सांगूं शकतात. कायद्याच्या शिक्षणाविषयीं मात्र अद्याप पुष्कळ अज्ञान आहे. “दुसरें कांहीं जमलें नाहीं, तर वकिली आहेच,” ही जुनी समजूत कित्येक घरांत अजून टिकून आहे. त्या समजुतीमुळें, ज्या मुलांचा कल खरोखर या विद्येकडे असतो त्यांनाही बारावी झाल्यावर कळतें कीं आपण द्यावयाची एक मोठी परीक्षा तर कांहीं महिन्यांपूर्वींच होऊन गेली ! हा तोटा टळावा आणि निवड डोळसपणें व्हावी, एवढ्याच हेतूनें आम्ही ही माहिती आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या प्रांतास ही विद्या नवी नाहीं. मुंबईचें शासकीय विधि महाविद्यालय १८५५ सालीं निघालें. आशिया खंडांतील सर्वांत जुनें कायद्याचें महाविद्यालय म्हणून तें ओळखलें जातें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे १८६६ सालीं व लोकमान्य टिळक हे १८७९ सालीं मुंबई विद्यापीठाचे एल्‌एल्. बी. झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९३५ ते १९३८ पर्यंत मुंबईच्या त्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुण्याचें आय्. एल्. एस्. विधि महाविद्यालय १९२४ सालीं स्थापन झालें. पुढें भारताचे सरन्यायाधीश झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णु चंद्रचूड हे दोघेही तेथील विद्यार्थी होत.

त्या सर्व काळांत रीति अशी होती कीं आधीं पदवी घ्यावी आणि मग कायद्याकडे वळावें. बारावीनंतर लगेच सुरू होणाऱ्या पांच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमास खरी प्रतिष्ठा मिळाली, ती १९८८ सालीं बंगळूर येथें नॅशनल लॉ स्कूलचे वर्ग सुरू झाल्यावर. डॉ. माधव मेनन हे त्या संस्थेचे पहिले संचालक. तिच्या यशामुळें इतर राज्यांनींही आपापलीं राष्ट्रीय विधि विद्यापीठें काढलीं. महाराष्ट्रांत आज अशीं तीन विद्यापीठें आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपति संभाजीनगर येथें. आज विद्यार्थ्यापुढें दोन वाटा आहेत : बारावीनंतर पांच वर्षें, किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन मग तीन वर्षें. दोन्ही वाटांनीं मिळणारी सनद एकच. तिच्यांत उच्च-नीच असा भेद नाहीं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आरंभींच सांगतों. कारण पहिल्या वाटेवर अडखळलेल्या पुष्कळ मुलांस दुसरी वाट उघडी आहे याचें स्मरण राहत नाहीं.

शाखेविषयींही एक गैरसमज दूर केला पाहिजे. कायद्याकडे जावयाचें तर अकरावीस कलाशाखाच घेतली पाहिजे असें नाहीं. शास्त्र, वाणिज्य, कला—कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी पात्र ठरतो. सर्वसाधारण वर्गास शेंकडा ४५ व अनुसूचित जाति-जमातींस शेंकडा ४० गुण लागतात. म्हणजे बारावींत प्रथम श्रेणी हुकली म्हणून हें द्वार बंद होतें असें समजूं नये.

आतां परीक्षांकडे वळूं. महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यास मुख्यतः दोन परीक्षांची ओळख हवी. पहिली ‘क्लॅट’, म्हणजे राष्ट्रीय विधि विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा. पूर्वीं प्रत्येक विद्यापीठ आपली निराळी परीक्षा घेई. विद्यार्थ्यास गांवोगांव हिंडावें लागे, आणि कधीं कधीं दोन परीक्षा एकाच दिवशीं येत. ही अडचण न्यायालयापर्यंत गेली आणि २००८ सालीं सात विद्यापीठांची मिळून पहिली क्लॅट झाली. आज या परीक्षेनें वीसहून अधिक विद्यापीठांत प्रवेश मिळतो. दिल्लीचें राष्ट्रीय विधि विद्यापीठ मात्र आपली ‘आयलेट’ नांवाची परीक्षा स्वतंत्रपणें घेतें. दुसरी परीक्षा महाराष्ट्र राज्याची सी. ई. टी. राज्यांतील शासकीय, अनुदानित व इतर विधि महाविद्यालयांतील प्रवेश २०१६ पासून या परीक्षेवरून होतात. पांच वर्षांच्या व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांकरितां ती निरनिराळी घेतली जाते. याखेरीज सिंबायोसिससारख्या कांहीं खासगी विद्यापीठांच्याही आपापल्या परीक्षा आहेत.

या दोन मुख्य परीक्षांचा स्वभाव एकमेकींहून वेगळा आहे. क्लॅट कागदावर होते, सर्वस्वी इंग्रजींत होते, आणि २०२२ पासून ती डिसेंबर महिन्यांत घेतली जात आहे. म्हणजे विद्यार्थी बारावीच्या वर्गांत असतांनाच ती येते. अर्ज त्यापूर्वींच भरावे लागतात. जो बारावीच्या निकालाची वाट पाहत बसेल, त्याचें एक वर्ष गेलें असें समजावें. राज्याची सी. ई. टी. संगणकावर होते. तिच्यांत इंग्रजी भाषेचा भाग सोडून इतर प्रश्न मराठींतही मिळतात, आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहींत. यावरून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यानें काय समजावें ? सी. ई. टी. ही त्याच्या आटोक्यांतील परीक्षा आहे. परंतु क्लॅट द्यावयाची असेल तर इंग्रजी वाचनाची तयारी बारावीच्या सहामाहीनंतर नव्हे, तर नववी-दहावीपासूनच सुरू केली पाहिजे.

क्लॅटमध्यें डिसेंबर २०२३ पासून १२० प्रश्न असतात व वेळ दोन तासांचा. पांच भाग असतात : इंग्रजी भाषा, चालू घडामोडी व सामान्य ज्ञान, कायदेविषयक विचारशक्ति, तर्कशक्ति, आणि दहावीच्या पातळीचें अंकगणित. प्रश्न सुटे नसतात. सुमारें साडेचारशें शब्दांचा एक उतारा द्यावयाचा आणि त्याच्यावर पांच-सहा प्रश्न विचारावयाचे, अशी रीति आहे. आतां आपण साधा हिशेब करूं. गणिताचे दहा-बारा प्रश्न वगळले तर उरलेल्या प्रश्नांसाठीं वीसएक उतारे होतात. म्हणजे आठ-नऊ हजार शब्दांचें वाचन. हा आमचा लेख सुमारें अडीच हजार शब्दांचा आहे. असे तिपटीहून अधिक मोठे लिखाण, तेंही इंग्रजींत, दोन तासांत समजून घेऊन शिवाय १२० उत्तरें द्यावयाचीं आहेत ! यावरून ही परीक्षा पाठांतराची नसून वाचनाची आहे, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. बाजारांतील जाड मार्गदर्शक पुस्तकें विकत घेऊन कलमांचे आकडे घोकणारा विद्यार्थी येथें मागें पडतो, आणि शांतपणें वाचण्याची संवय असलेला पुढें जातो.

कायदेविषयक भागाची तर बहुतेकांस विनाकारण धास्ती वाटते. “आम्हांस कायदा कोणीं शिकविला ?” असें मुलें विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, कायदा येत असण्याची अपेक्षाच नाहीं. नियम उताऱ्यांत दिलेला असतो. तो एखाद्या हकीकतीस लावून दाखवावयाचा, एवढेंच काम. एक नमुना आम्हीच रचून देतों.

नियम : अठरा वर्षें पूर्ण न झालेल्या व्यक्तीनें केलेला करार कायद्याच्या दृष्टीनें मुळांतच रद्द होय. हकीकत : सतरा वर्षांच्या एका मुलानें “माझें वय वीस आहे” असें खोटें सांगून दुकानदाराकडून उधारीवर सायकल घेतली व ठरलेले पैसे दिले नाहींत. प्रश्न : त्या कराराच्या आधारें दुकानदारास किंमत मागतां येईल काय ?

वर्गांत असा प्रश्न टाकला तर बहुतेक मुलें म्हणतील, “मुलानें लबाडी केली, तेव्हां पैसे दिलेच पाहिजेत.” लबाडी निंद्य खरी, परंतु प्रश्न लबाडीचा नाहीं, कराराचा आहे. दिलेल्या नियमांत ‘खोटें सांगितल्यास करार कायम राहील’ असा अपवाद कोठेंही लिहिलेला नाहीं. तेव्हां नियमाप्रमाणें करारच नाहीं, आणि जो करारच नाहीं त्याच्या आधारें किंमत मागतां येत नाहीं. आपल्या मनांतील बरें-वाईट क्षणभर बाजूस ठेवून समोर लिहिलें आहे तेवढेंच वाचणें, हीच या भागाची कसोटी. हा नियम काल्पनिक नाहीं. १८७२ च्या करार कायद्यांत करार करणाराची पात्रता सांगितली आहे, आणि १९०३ सालीं मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें अज्ञानाचा करार मुळांतच रद्द ठरविला. तेथें एका अज्ञान मुलानें सावकाराकडे आपलें घर गहाण टाकलें होतें. कायदा म्हणजे असे घराघरांतले प्रसंग, एवढें जरी विद्यार्थ्यास कळलें तरी त्याची भीति निम्मी जाईल.

चुकीच्या उत्तराबद्दल क्लॅटमध्यें पाव गुण कापला जातो. त्याचाही हिशेब समजून घ्यावा. चार पर्यायांपैकीं डोळे मिटून एक निवडला, तर चार प्रश्नांत सरासरीनें एक बरोबर व तीन चूक येतील. म्हणजे एक गुण मिळून पाऊण गुण जाईल आणि हातीं उरेल अवघा पाव. परंतु नीट वाचून दोन पर्याय खात्रीनें खोडतां आले, तर चार प्रश्नांत दोन बरोबर व दोन चूक. म्हणजे दीड गुण हातीं राहतो. तात्पर्य, अंदाज हा वाचनानंतरचा असावा, वाचनाऐवजीं नसावा.

मग तयारी कशी करावी ? आमची सूचना साधी आहे. नववी-दहावींतील विद्यार्थ्यानें रोज एक मराठी व एक इंग्रजी अग्रलेख वाचावा. शक्य तर दोन्ही एकाच विषयावरचे निवडावे, म्हणजे मराठीमुळें इंग्रजी उलगडेल. वाचून झाल्यावर वही उघडून तीन वाक्यें लिहावीं : लेखकाचें म्हणणें काय, त्यानें कारणें कोणतीं दिलीं, आणि त्यांतील घडलेली गोष्ट कोणती व लेखकाचें मत कोणतें. या कामास वीस-पंचवीस मिनिटें पुरतात. वर्षभर हा क्रम चालविणाऱ्या मुलास भाषा, चालू घडामोडी व तर्क या तिन्ही भागांची तयारी निराळी करावी लागत नाहीं. चालू घडामोडी वाचतांना केवळ नांवें व तारखा टिपूं नयेत. हा निर्णय कोणीं घेतला, तो घेण्याचा अधिकार त्यास कोठून आला, आणि तो कोणास मान्य नाहीं, हे प्रश्न स्वतःस विचारावे. दहावीपर्यंतचें शेंकडेवारी, गुणोत्तर, सरासरी व आलेखवाचन पक्कें असावें. गणित नकोसें वाटतें म्हणून कायद्याकडे वळणाऱ्यांनीं हे थोडे गुण फुकट सोडूं नयेत.

अकरावीच्या उन्हाळ्यांत एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. गुण कितीही कमी आले तरी खचूं नये. आपण कोठें उभे आहों तें कळणें हाच तिचा उपयोग. जून महिन्यापासून दर आठवड्यास एक-एक भाग घ्यावा. ऑक्टोबरनंतर दर रविवारीं संपूर्ण प्रश्नपत्रिका, परीक्षेच्याच वेळीं, म्हणजे दुपारीं दोन ते चार, सोडवावी. सोडविण्यास दोन तास दिले तर चुका तपासण्यास तीन तास द्यावे. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढें कारण लिहावें : वाचनांत चुकलों, तर्कांत चुकलों, कीं घाईंत चुकलों ? महिन्याभरानें ती यादी पाहिली म्हणजे आपला दोष आपल्यासच दिसूं लागतो. ज्यास क्लॅटची तयारी झाली, त्यास सी. ई. टी.ची वेगळी मोठी तयारी लागत नाहीं. तिच्यांत गुणकपात नसल्यामुळें एकही प्रश्न कोरा सोडूं नये, इतकें लक्षांत ठेवलें म्हणजे झालें.

खासगी वर्गांचा प्रश्न पालकांस फार सतावतो. वर्ग ही कांहीं नवी प्रथा नव्हे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर खुद्द लोकमान्यांनीं पुण्यांत कायद्याच्या परीक्षेचे वर्ग चालविले होते. चांगला शिक्षक लाभला व खर्च झेपत असेल तर वर्ग लावण्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु कर्ज काढून वर्ग लावावा असें आम्हांस वाटत नाहीं. कारण या परीक्षेंत जें लागतें तें—वाचन, मनन आणि सराव—तें दुसरा कोणी आपल्याकरितां करूं शकत नाहीं. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. गरीब व दूरच्या भागांतील मुलांस या परीक्षेकरितां साह्य करणारी ‘इडिया’ नांवाची संस्था प्राध्यापक शमनाद बशीर यांनीं २०१० सालीं सुरू केली. होतकरू विद्यार्थ्यांनीं तिची चौकशी अवश्य करावी.

परीक्षा झाल्यावरही सावध राहावें लागतें. प्रथम तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध होते व तिच्यावर हरकत घेण्यास थोडेच दिवस मिळतात. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेंतील कांहीं उत्तरांविषयीं परीक्षार्थी न्यायालयांत गेले, आणि मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कांहीं प्रश्नांचे गुण सुधारून यादी पुन्हां प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. कायदा शिकूं इच्छिणाऱ्यांनीं कायद्यानेंच न्याय मिळविला, हा त्यांचा पहिला धडाच म्हणावयाचा !

येथवर परीक्षेविषयीं झालें. निवडीचा प्रश्न याहून कठीण आहे; कारण परीक्षा दोन तासांची, तर निवडीचा परिणाम जन्मभराचा. दरवर्षीं विद्यालयांच्या श्रेणी लावलेल्या याद्या प्रसिद्ध होतात, आणि पालक त्या यादींत वरचें नांव शोधतात. आमच्या मतें यादी शेवटीं पाहावी. आधीं आपल्या घराकडे व आपल्या मुलाकडे पाहावें.

पहिला प्रश्न मान्यतेचा. ज्या महाविद्यालयास भारतीय वकील परिषदेची, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची, मान्यता नाहीं, तेथील पदवीवर सनद मिळत नाहीं. इमारत कितीही भव्य असो, मान्यता चालू आहे कीं नाहीं हें लेखी पाहिल्याशिवाय पैसे भरूं नयेत.

दुसरा प्रश्न खर्चाचा. राष्ट्रीय विधि विद्यापीठांत शिक्षण, निवास व भोजन मिळून वर्षाचा खर्च लाखांच्या घरांत जातो. वर्षास तीन लाख धरले तर पांच वर्षांचे पंधरा लाख होतात. याउलट मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचें किंवा अनुदानित महाविद्यालयांचें वार्षिक शुल्क हजारांत असतें. कर्ज काढणाऱ्या पालकांनीं एक गोष्ट विसरूं नये : ज्यांस न्यायालयांत वकिली करावयाची आहे, त्यांस पहिलीं कांहीं वर्षें ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं अल्प मोबदल्यावर उमेदवारी करावी लागते. डोक्यावर मोठा हप्ता असलेला तरुण ती उमेदवारी करूं शकत नाहीं. मनांत असो वा नसो, त्यास पगाराच्या नोकरीकडे वळावें लागतें. मोठ्या कंपन्यांची व विधि-संस्थांची नोकरी हेंच ज्याचें ध्येय आहे त्याचा हिशेब निराळा; त्यास त्या खर्चाचा मोबदला मिळण्याची आशा असते. म्हणून कर्जाचा विचार मुलाच्या ध्येयाबरोबरच करावा. शिष्यवृत्त्यांची माहिती महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर मिळते. २०२४ सालीं राज्य शासनानें, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींचें व्यावसायिक शिक्षणाचें शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय केला. आपलें महाविद्यालय व अभ्यासक्रम त्यांत येतो काय, हें प्रवेशापूर्वीं कार्यालयांत विचारून घ्यावें. तसेंच महाराष्ट्रांतील राष्ट्रीय विधि विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांकरितां कांहीं जागा राखीव असतात. त्यासाठीं अधिवासाचा दाखला आधींच काढून ठेवावा.

तिसरा प्रश्न असा कीं, आपणांस काम कोठें करावयाचें आहे ? उच्च न्यायालयाची व सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. परंतु महाराष्ट्रांतील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा म्हणून शासनानें १९९८ सालीं मराठी ठरविली. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, पंचनामा, जबाब—हे सर्व मराठींत असतें, आणि तें अचूक वाचणारा वकील आपल्या तालुक्यांत दुर्मिळ होऊं लागला तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास पडतो. ज्यास आपल्या जिल्ह्यांतच वकिली करावयाची आहे, त्यानें जिल्ह्याच्या ठिकाणचें चांगलें महाविद्यालय निवडलें, सकाळीं वर्ग करून दुपारीं न्यायालयांत बसला, तर त्यानें कमीपणा घेतला असें कोणी मानूं नये. मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी चर्चगेटहून पायीं उच्च न्यायालयांत जाऊं शकतो, हा त्या जागेचा लाभ. वसतिगृहांत राहून देशभरच्या मुलांत मिसळावयास मिळतें, हा राष्ट्रीय विद्यापीठांचा लाभ. पणजीजवळ मिरामारला व मडगांवास विधि महाविद्यालयें आहेत. गोव्यांत पोर्तुगीज काळापासून आलेला समान कौटुंबिक कायदा चालतो. तो समजून घेण्यास त्यांहून जवळची जागा दुसरी कोणती?

चौथा प्रश्न प्रत्यक्ष पाहणीचा. एक दिवस काढून पालकांनीं मुलासह महाविद्यालयांत जावें. पूर्णवेळ प्राध्यापक किती व तासिका नियमानें होतात काय ? ग्रंथालयांत मुलें बसलेलीं दिसतात, कीं कपाटांस कुलपें आहेत ? अभिरूप न्यायालय वर्षांत किती वेळां भरतें ? गरिबांस मोफत कायदेशीर सल्ला देण्याचें केंद्र खरोखर चालतें, कीं फलकच आहे ? हे प्रश्न प्राचार्यांस विचारण्याइतकेच तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावे. तेथें खरें उत्तर लवकर मिळतें.

मुलींच्या पालकांस दोन शब्द निराळे सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. नाशिक येथें १८६६ सालीं जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची वरची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही विद्यापीठानें त्यांस पदवी दिली ती १९२२ सालीं, तीस वर्षांनीं; आणि हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिली करण्याचा निर्विवाद हक्क मिळाला तो १९२३ च्या कायद्यानें. १९७८ सालीं सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, आणि १९८९ सालीं फातिमा बीबी या सर्वोच्च न्यायालयाच्या. ज्या दारासाठीं एवढा काळ झगडावें लागलें, तें आज मुलींस सताड उघडें आहे. “न्यायालय म्हणजे मुलींनीं पाऊल टाकण्याची जागा नव्हे,” असें जर कोणी घरांत म्हणत असेल, तर ज्या स्त्रियांस न्याय मागण्याकरितां त्याच न्यायालयाची पायरी चढावी लागते, त्यांनीं आपलें गाऱ्हाणें कोणाजवळ मोकळेपणानें सांगावें, याचाही विचार त्यानें करावा.

पदवीनंतरची वाटही थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेंत नांव नोंदवावें लागतें. ही नोंदणी-फी सर्वसाधारण वर्गास साडेसातशें व अनुसूचित जाति-जमातींस सव्वाशें रुपयांहून अधिक घेतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें ठरविलें. त्यानंतर २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ज्यांस दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व्हावयाचें आहे, त्यांस आधीं तीन वर्षें वकिली केली पाहिजे, हा नियम सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें पुन्हां लागू केला. तेव्हां ‘पदवी झाली कीं लगेच न्यायाधीश’ या आशेवर कोणी हिशेब मांडूं नये.

परीक्षांच्या तारखा, शुल्क व प्रश्नांची संख्या वेळोवेळीं बदलते. म्हणून त्या त्या वर्षाची अधिकृत सूचना स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबूं नये. सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचणें हीही एका अर्थीं कायद्याच्या अभ्यासाची सुरुवातच आहे.

विद्यार्थ्यांनो, या परीक्षेंत यशस्वी होणारे थोडे आणि बसणारे पुष्कळ, हें खरें आहे. परंतु वर सांगितलेला वाचनाचा क्रम ज्यानें दोन वर्षें पाळला, तो परीक्षेंत मागें राहिला तरी रिकाम्या हातीं परतत नाहीं. त्यास पदवी घेऊन तीन वर्षांच्या वाटेनें पुन्हां येतां येतें. आणि तो या वाटेनें आलाच नाहीं, तरी कागद नीट वाचून मगच त्याच्यावर सही करणारा एक जाणता माणूस घरांत तयार होतो. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांस कधीं न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवावा लागला असेल, त्या घरास या गोष्टीचें मोल आम्हीं सांगावयास नको. तुमच्यापैकीं ज्यांचा कल इकडे असेल त्यांनीं आजच एक कोरी वही घ्यावी, उद्यांच्या वर्तमानपत्रांतील अग्रलेख वाचावा, आणि तिच्या पहिल्या पानावर आपलीं तीन वाक्यें लिहावीं.